धागा: डॉक्टर आत, दवाखाना बाहेर! दवाखान्याची व्यवस्था बघणाऱ्यांनो, इकडे या (बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड)

काउंटरवरून (धागाकर्ती)

मंडळी, डॉक्टरांवर इथं चिक्कार धागे आहेत. कुणी हातगुण सांगतं, कुणी बिलावरून शिव्या घालतं. पण दवाखान्यात शिरल्यावर पहिल्यांदा ज्या माणसाशी तुमची गाठ पडते, त्याच्याबद्दल भांडण झाल्याशिवाय कुणी लिहीत नाही. ते माणूस म्हणजे मी. बेळगावात वडगाव-शहापूरच्या बाजूला एका दवाखान्याची सगळी व्यवस्था बघते. दोन फिजिशियन, ठरलेल्या वारी येणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई, तळमजल्यावर लॅब आणि मेडिकल, वर सलाईनपुरत्या चार खाटा. पेशंट म्हणाल तर आजूबाजूचे मागवाले विणकर, येळ्ळूर-धामण्याकडचे शेतकरी, खानापूरच्या जंगलपट्टीतले लोक, आणि हद्दीपलीकडून चंदगडचे.

धागा काढायचं कारण, भाची बी.कॉम. झाली आणि आता हॉस्पिटल मॅनेजमेंटचा कोर्स करते म्हणते. घरात सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, हिला विचार. मी हो पण म्हणाले नाही, नको पण नाही. लायसन, बिलं, पगार, कचरा हे शिकता येतं. पण आत एक डॉक्टर, बाहेर भरलेला हॉल आणि प्रत्येकाला आपलंच दुखणं मोठं. त्यातून आता कोण आत जाणार हे आपण ठरवायचं, आणि ज्याला थांबवलं त्यालाही ते पटलं पाहिजे. माझ्या मते सगळी नोकरी एवढीच आहे. बाकी कागद.

उदाहरण देते. शहरातले लोक फोन करून नंबर लावतात. खेड्यातले पहिली गाडी धरून येतात आणि शटर उघडायच्या आधी पायरीवर बसलेले असतात. फोनवाल्यांना वेळ दिली की हॉल भडकायचा, ‘आम्ही उजाडल्यापासून बसलोय, हा आत्ता गाडीवरनं उतरला आणि थेट आत?’ बरोबरच आहे. फोनचे नंबर बंद केले, तर ऑफिसात अर्धी रजा टाकून आलेले भडकले. तेही बरोबर. सध्या हॉलमधले दोन, मग फोनवरचा एक, असं चाललंय. शिवाय रजिस्टरात नाव, वय, गाव याच्या पुढं मी हातानं एक रकाना आखून घेतलाय: ‘परतीची गाडी’. कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाची दुपारची गाडी चुकली तर त्याला रात्र बेळगावातच काढावी लागते. गाडीची वेळ जवळ आली की त्याला पुढं घेते, आणि हॉलमध्ये मोठ्यानं सांगून घेते, ‘मामांची कणकुंबीची गाडी आहे हो, त्यांना सोडते.’ मोठ्यानं सांगितलं की सहसा कुणी हरकत घेत नाही. गुपचूप सोडलं तर मात्र वशिल्याचं म्हणून कुजबुज सुरू.

सॉफ्टवेअरवाल्याला म्हटलं, असा रकाना टाकून दे. म्हणाला, कस्टमाइझ करायला वेगळे पैसे पडतील. रेघ मारायला मला पट्टी आणि पेन लागलं.

आपापलं लिहा. नुसतं रडगाणं नको, या कामात मिळतं काय तेही लिहा.

उगीच_एक

पहिला!

एमआर लोकांचा, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींचा रकाना कुठाय? टाय लावून पेशंटच्या खुर्च्या अडवून बसतात ते.

काउंटरवरून

त्यांना दोन वार ठरवून दिलेत, तेही ओपीडी संपल्यावर. पण ती पोरंही टार्गेटच्या ओझ्याखाली हुबळीपासून ऊन खात येतात हो. पाणी विचारते. ओपीडीच्या वेळेत खुर्ची देत नाही.

बीपी_तपासनीस_निपाणी

मी स्वतः डॉक्टर, निपाणीत जनरल प्रॅक्टिस. परतीच्या गाडीचा रकाना आवडला, उद्यापासून चोरतो. पण ताई, एक भीती सांगतो. कोण आधी आत जाणार हे काउंटरनं ठरवायचं म्हणता, तिथं माझा जीव खालीवर होतो. हॉलमध्ये जो आरडाओरडा करतो तो बहुतेक वेळा थांबू शकतो. खरा आजारी माणूस कोपऱ्यात गप्प बसलेला असतो. आमच्याकडं तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका येतात. ‘जरा दमल्यागत होतंय’ एवढंच म्हणतात आणि आपला नंबर येईपर्यंत पदर तोंडाला लावून बसतात. बोटाला ऑक्सिमीटर लावला की आकडा बघून आपल्यालाच घाम फुटतो.

मी काउंटरच्या पोरीला सांगून ठेवलंय: छातीत दुखणं किंवा छाती भरून येणं, धाप, अचानक तोंड वाकडं होणं किंवा हात-पाय लुळा पडणं, बोलता बोलता जीभ अडखळणं, सुस्त पडलेलं किंवा दूध न पिणारं बाळ, गरोदर बाईला रक्तस्राव किंवा झटके, चक्कर येऊन पडलेला मधुमेही. यातलं काहीही असलं की नंबर विचारायचा नाही, माझं दार ठोठवायचं. आत कुणीही असो.

काउंटरवरून

डॉक्टर, तुमचं शंभर टक्के मान्य. काउंटरनं निदान करायचंच नाही. आमच्याकडं अशीच यादी काउंटरच्या आतल्या अंगाला चिकटवलेली आहे, ती दोन्ही डॉक्टरांनी लिहून सही केलेली आहे, मी नाही. मी ठरवते ते बाकीच्या गर्दीचं.

त्यात एक भर घाला, सर्पदंश. खानापूरकडं भात लावणीच्या दिवसांत हमखास. त्याला आमच्या हॉलमध्ये बसवायचंच नाही. प्रतिविष आणि व्हेंटिलेटर आहे तिथं, म्हणजे सिव्हिलला किंवा मोठ्या हॉस्पिटलला लगेच रवाना, आणि आम्ही इकडून फोन करून ठेवतो. बांधलेली दोरी, चिरलेली जखम, गावच्या बाबानं लावलेला पाला, सगळं बघितलंय. 2024 पासून कर्नाटकात सर्पदंशाची नोंद कळवणं खाजगी दवाखान्यांनाही बंधनकारक आहे, हे नवीन लोकांनी लक्षात ठेवा.

जुना_कंपाउंडर

आमच्या टायमाला मॅनेजर बिनेजर कोण नव्हतं बघा. डॉक्टर, मी आणि झाडणारी अक्का, झाला दवाखाना. पेशंट घरनं बाटली धुऊन आणायचा. मी मिक्श्चर ओतायचो, मग कागदाची पट्टी घडी घालून कातरीनं कडेला खाचा पाडायच्या आणि डिंकानं बाटलीला चिकटवायची. एक खाच म्हंजे एक डोस. डॉक्टरांनी मला पट्टी कातरायला आधी शिकिवलं, औषधं मागनं. पट्टी वाकडी गेली तर डोस चुकतोय म्हणायचे.

उधारीची वही माझ्याकडंच. सुगी झाली की मंडळी यायची, कोण पैसे, कोण तांदूळ, कोण गुळाची ढेप. डॉक्टर कधी वही उघडून बघायचे नाहीत.

आता तुम्ही फाईल देता, बारकोड देता, ते बरंच आहे. पण एक सांगतो. मला पेशंट जे सांगायचा ते आत डॉक्टरला सांगायचा नाही. ‘दारू चालूच हाय, पण साहेबास्नी सांगू नका.’ मी मान हलवायचो आणि चिठ्ठी आत न्यायच्या वक्ताला साहेबांच्या कानात घालायचो. पेशंटला पत्त्या नाही, औषध मात्र बरोबर मिळायचं. ह्यो रकाना तुमच्या कम्प्युटरात हाय काय?

काउंटरवरून

नाही काका. आणि तुम्ही म्हणता ते आजही तसंच आहे. फक्त आता दारूबरोबर यूट्यूबवर बघून घेतलेल्या गोळ्याही असतात.

खानापूर_पॅसेंजर

मी काउंटरच्या अलीकडचा, म्हणजे पेशंट. तुमची सगळ्यांची बाजू वाचली, आता आमची ऐका.

आईला घेऊन एका दवाखान्यात गेलो होतो (नाव घेत नाही). काउंटरवरच्या मुलीनं भरल्या हॉलमध्ये विचारलं, ‘काय होतंय?’ आईला बायकांचा त्रास. ती माझ्याकडं बघायला लागली. मी मुलगा, मला काय सांगणार ती? शेवटी ‘डोकं दुखतंय’ म्हणाली. केस पेपरवर डोकेदुखी लागली, आत फिजिशियनकडं पाठवलं, त्यांनी बीपी बघून गोळी दिली, आणि आम्ही परत. मूळ त्रास तसाच. पुढं बहिणीला बरोबर पाठवलं तेव्हा कुठं निदान झालं.

तेव्हा रांगेचं सोडा. आधी तो एक प्रश्न हळू विचारायला शिकवा.

काउंटरवरून

हे वाचून गप्प झाले. बरोबर बोललात.

आमच्याकडं काउंटरवर ‘काय होतंय’ विचारतच नाही. ‘कुणाला दाखवायचंय?’ एवढंच. बाईमाणूस घुटमळली की सिस्टर तिला वजनकाट्याच्या खोलीत नेते, वजन-बीपी घेता घेता तिथं दार लोटून विचारते. वजनकाटा मुद्दाम आत हलवला त्यासाठी. जागा लहान आहे, तरी.

दुसरं, भाषा. हॉलमध्ये एकाच वेळी मराठी, कन्नड, उर्दू, अधूनमधून कोंकणी. ‘डॉक्टर अदारेनरी?’ (डॉक्टर आहेत काय?) असं कन्नडमध्ये विचारणाऱ्याला मराठीत उत्तर दिलं की तो संकोचतो आणि मग पुढचं काही सांगतच नाही. म्हणून काउंटरवर बसणाऱ्या मुलीला मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा अस्खलित नाही, पण प्रेमानं यायला हव्यात ही माझी अट. आमची एक मुलगी सौंदत्तीकडची, घरात कन्नड, सासर येळ्ळूरचं. तिच्याएवढा पेशंट समजणारं माणूस मला अजून मिळालेलं नाही.

सौ_दवाखाना

मी टिळकवाडीत नवऱ्याचा दवाखाना सांभाळते. शिक्षण एम.ए., हुद्दा ‘वहिनी’. लग्नात सप्तपदी झाली आणि त्या आठवड्यात किल्ल्यांचा जुडगा हातात आला. बँकेत जाणं, पगार वाटणं, इन्व्हर्टरचं पाणी बघणं, बाथरूमचा नळ, मेडिकलचा स्टॉक, ऑडिटचे कागद, शिवाय ‘डॉक्टर घरी आहेत काय’ म्हणून रात्री अकराला दाराची बेल. पगार? घरच्या माणसाला कसला पगार!

धागाकर्तीनं कागदांना ‘बाकी’ म्हटलंय ते पटलं नाही. तुमच्या मागं मालक डॉक्टर आहे, नोटीस त्याच्या नावानं येते. आमच्या घरात नोटीस आली की जेवणाचं ताट तसंच राहतं.

भाचीला माझा निरोप: नातेवाईकाच्या दवाखान्यात काम करू नकोस. केलंस तर नेमणुकीचं पत्र घे, कामाचे तास लिहून घे, पगार बँकेत घे. मग खुशाल प्रेमानं कर.

उगीच_एक

वहिनी, शेवटचं वाक्य फ्रेम करून आमच्या मोठ्या काकूला देतो. ती पंचवीस वर्षं बिनपगारी आहे.

हिशेबनीस_शहापूर

काही दवाखान्यांचे हिशेब माझ्याकडं आहेत, म्हणून कागदाची बाजू मांडतो. सौ_दवाखाना म्हणतात ते खरं आहे, कागद चुकला तर रांगच बंद पडते.

पहिलं, कर्नाटकात खाजगी वैद्यकीय संस्थांचा कायदा 2007 चा आहे, 2017 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. लहान क्लिनिकलाही नोंदणी लागते. कागद जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या ऑफिसात, समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. दरपत्रक दिसेल असं लावायचं. नोंदणी क्रमांक पाटीवर हवा. ॲलोपॅथीची पाटी निळी, आयुर्वेदाची हिरवी, हा 2024 चा आदेश.

दुसरं, सोनोग्राफी. तुमच्याकडं मशीन असेल तर झोप कमीच समजा. 1994 चा गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा. प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म (सोनोग्राफीच्या नोंदीचा), महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेच्या आत. एफ फॉर्ममधला राहिलेला रकाना ही ‘कारकुनी चूक’ म्हणून सोडून देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट सांगितलंय. म्हणून तो फॉर्म कितीही घाई असली तरी पेशंट समोर असतानाच भरायचा. ‘संध्याकाळी बसून भरू’ म्हणणाऱ्यांना मी कोपरापासून हात जोडतो.

तिसरं, इन्कम टॅक्स. वर्षाची जमा 50 लाखांच्या आत असेल तर डॉक्टरांना निम्मी रक्कम उत्पन्न धरून विवरण भरता येतं. रोखीचा वाटा 5 टक्क्यांच्या आत ठेवला तर ही मर्यादा 75 लाख. आता काउंटरवर बसणाऱ्यांनी सांगावं, आपल्याकडं रोख 5 टक्के कशी ठेवायची? बाजार करून आलेली आजी कमरेची चंची सोडून घडी केलेल्या नोटा काढते, तिला क्यूआर कोड दाखवू?

काउंटरवरून

दाखवू नका. आजी सुटे पैसे पण बरोबर देते, यूपीआयवाल्यांचं नेटवर्क जातं.

पाटीवर_काय_लिहू

निळ्या पाटीचा विषय निघालाच आहे तर, भाषेचं काय? 60 टक्के कन्नड हवी म्हणून आमची पाटी दोनदा करावी लागली. पेशंट सगळे मराठी. इथं लोकशाही आहे की नाही?

काठावरचा

कायदा सगळ्या कर्नाटकाला आहे, तुमच्या एकट्याला नाही. बेंगळूरमधल्या इंग्रजी पाट्या पण बदलल्या. उरलेल्या जागेत मराठी लिहा, कोण अडवतंय?

पाटीवर_काय_लिहू

कोण अडवतंय ते एकदा इकडं येऊन बघा मग कळेल.

धागा_राखणदार

दोघांनाही विनंती, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो चांगला हजार प्रतिसादांचा आहे, तिथं जा. इथं दवाखाना.

चंदगडी_काजू

सीमेचा प्रश्न काढत नाही, पण दवाखान्यात सीमा येतेच. आम्ही महाराष्ट्राचे, पण कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. वडिलांना ॲडमिट करायचं होतं तेव्हा कुठलं कार्ड कुठं चालतं हे कुणालाच धड सांगता येईना. एका काउंटरवर म्हणाले कर्नाटकाचं रेशन कार्ड आणा. आता ते कुठनं आणू? ताई, तुम्ही कसं सांगता लोकांना?

काउंटरवरून

आमचा दवाखाना कुठल्याच योजनेत नाही, तरी रोज हा प्रश्न येतो. म्हणून माहिती करून घेतली. जमेल तसं सांगते.

केंद्राच्या आयुष्मान भारतच्या यादीत ज्यांचं नाव आहे त्यांचं कार्ड दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या हॉस्पिटलातही चालतं. पण राज्य सरकारनं आपल्या पैशानं जी वाढीव कुटुंबं घेतली आहेत, त्यांचं तसं नाही, तिथं आधी हॉस्पिटलच्या योजना कक्षात विचारायचं. कर्नाटकाच्या योजनेत बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, एपीएलला (रेषेवरच्यांना) पॅकेजच्या 30 टक्के आणि तेही दीड लाखाच्या मर्यादेत. आणीबाणी सोडली तर बहुतेक उपचारांना सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते, आणि लोक अडकतात ते इथंच. थेट मोठ्या हॉस्पिटलात जातात, तिथून त्यांना चिठ्ठीसाठी परत पाठवतात. सहकारी सोसायटीचे सभासद असाल तर यशस्विनी ही आरोग्य योजना बघा, मधली काही वर्षं बंद होती, आता परत सुरू आहे.

महाराष्ट्रानं महात्मा फुले योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली, त्यावर कर्नाटक सरकारनं हरकत घेतली, हे सगळ्यांनी वाचलंय. माझ्या काउंटरवर त्या गावातला माणूस आला तर मी एवढंच सांगते: घरातून निघायच्या आधी हॉस्पिटलच्या योजना कक्षाला फोन करा, आधार आणि रेशन कार्डावरचं नाव एकच आहे काय ते बघा. कारण अर्धी प्रकरणं सरकारमुळं अडतच नाहीत. आधारवर ‘परशराम’, रेशन कार्डावर कन्नडमधून येता येता ‘परसप्पा’, आणि मशीन म्हणतं हा माणूसच वेगळा.

चंदगडी_काजू

आमच्याकडं अगदी हेच. आईचं नाव तीन कागदांवर तीन. धन्यवाद ताई, एवढं कुणी सांगितलं नव्हतं.

बीपी_तपासनीस_निपाणी

हे वाचून एक लक्षात आलं. चंदगडच्या भाऊंना जे पाच मिनिटांत समजलं ते सांगायला माझ्याकडं केबिनमध्ये वेळच नसतो. मी ‘मोठ्या हॉस्पिटलला जा’ लिहून मोकळा होतो. पुढचं सगळं बाहेर काउंटरवर.

रात्रपाळी_सिस्टर

स्टाफबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. मी नर्स, आधी लहान दवाखान्यात होते, आता मोठ्या ठिकाणी.

लहान दवाखान्यातल्या मुली का टिकत नाहीत? पगार हे कारण आहेच, पण तेवढंच नाही. झाडलोट, चहा, मालकांच्या मुलाला शाळेतून आणणं, हे सगळं ‘सिस्टर, जरा’ म्हणून अंगावर येतं. शिकून तयार झाली की मुलगी गोव्याला नाहीतर पुण्याला जाते, आणि मॅनेजर म्हणतात, हल्लीच्या मुलींना निष्ठा नाही. दुसरं म्हणजे, न शिकलेल्या मुलीला दोन महिन्यांत ॲप्रन घालून इंजेक्शन द्यायला लावतात. काही झालं तर नाव तिचं येतं.

आणि नातेवाईक. पेशंट दगावला की डॉक्टर आतल्या दारानं जातात, समोर आम्ही. कर्नाटकात दवाखान्यावरच्या हल्ल्याविरुद्ध 2009 पासून कायदा आहे, पण रात्री दोन वाजता कायदा यायला वेळ लागतो. एका मॅनेजर बाईंनी एकदा स्वतः पुढं येऊन, नातेवाइकांना खुर्च्या देऊन, काय काय केलं ते सगळं शांतपणे सांगितलं. तिथं काचा फुटल्या नाहीत. त्यांच्या हाताखाली मी आणखी बरीच वर्षं काम केलं असतं, त्याच बदलून गेल्या.

काउंटरवरून

सिस्टर, चहाचं मान्य. आमच्याकडं चहा बाहेरून येतो आणि मालकांची मुलं रिक्षानं जातात. हे मी लढून घेतलंय, आपोआप झालेलं नाही.

बातमी द्यायचं काम माझं नव्हे, डॉक्टरांचं. पण डॉक्टर बोलून गेल्यावर जे तास दोन तास उरतात ते माझे. गाडी बघणं, कागद, बिलातलं काय सोडायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवणं. त्या वेळी बिलाचा कागद हातात घेऊन समोर जायचं नाही, हे मात्र कुणालाही शिकवता येतं.

काठावरचा

पाकिटाबद्दल कोण बोलणार? लॅबचं, स्कॅनचं.

काउंटरवरून

बोलते. माझ्या पहिल्या दिवाळीत एका ठिकाणाहून मिठाईचा बॉक्स आला, खाली पाकीट. ‘मॅडम, तुम्ही चिठ्ठी कुठली द्यायची ते बघता ना.’ बॉक्स स्टाफनं खाल्ला, पाकीट डॉक्टरांसमोर ठेवून परत पाठवलं. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांत डॉक्टरांना कमिशन घ्यायला सरळ मनाई आहे. काउंटरचा तिथं उल्लेख नसेल, पण पाकीट काउंटरवरून जातं हे देणाऱ्याला पक्कं माहीत असतं. भाचीला हे सांगायचं राहिलं होतं, बरं झालं विषय निघाला.

आणि खोटं बोलायचं नाही, हेही. डॉक्टर घरून निघालेच नसतील तर ‘ऑपरेशनमध्ये आहेत’ मी सांगत नाही. ‘साहेबांना अजून तासभर लागेल, ज्यांना बाजार करून यायचंय त्यांनी या, नंबर जाणार नाही’ असं सांगते. डॉक्टरांना सुरुवातीला हे आवडलं नव्हतं. आता वेळेवर येतात.

सौ_दवाखाना

हाहा! हा उपाय नवऱ्यावर करून बघते.

तुम्ही रडगाणं नको म्हणाला होता आणि आम्ही सगळे तेच गातोय. या कामात मिळतं काय ते तुम्हीच आधी सांगा बघू.

काउंटरवरून

सांगते, पण मोठं होईल.

टीबीचा पेशंट आढळला की तो निक्षय पोर्टलवर (सरकारच्या टीबी नोंदणीच्या संकेतस्थळावर) नोंदवणं खाजगी दवाखान्यांनाही सक्तीचं आहे, 2012 पासून. नोंदवला की त्याच्या खात्यात उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला पैसे येतात, आधी 500 होते, 2024 च्या नोव्हेंबरपासून 1000. हे झालं कागदाचं. पण कित्येकांना आपलं नाव नोंदवायचंच नसतं. आमच्या भागात एक मागवाला आला, तरणाताठा, घरात लग्नाची बहीण. ‘मॅडम, पोर्टलवर टाकू नका, लोक घरी येऊन विचारतील, सगळ्या गल्लीत होईल.’ डॉक्टरांनी समजावलं, तो मानेना. मग मी त्याला वजनकाट्याच्या खोलीत बसवला आणि सरळ विचारलं, फोन कुठल्या नंबरवर करायचा, कुठल्या वेळेला, आणि कुणी दुसऱ्यानं उचलला तर मी कोण म्हणून सांगायचं? तो म्हणाला, सोसायटीतनं बोलतोय म्हणा. म्हटलं चालेल. आरोग्य खात्याच्या माणसालाही तेच कळवलं, घरी न जाता आमच्याकडं भेट.

मधे गोळ्या सोडल्या त्यानं. बरं वाटायला लागलं की सगळेच सोडतात. तीन दिवस औषध न्यायला आला नाही तेव्हा ‘सोसायटीतनं’ फोन गेला, हप्ता थकलाय म्हणून. आला मुकाट. सहा महिने पुरे केले. हल्ली डॉक्टरांना भेटायला येत नाही, तसं काम नसतं. रस्त्यानं जाताना आत शिरतो, वजनकाट्यावर उभा राहतो, आकडा मला ओरडून सांगतो आणि जातो. हॉलमधल्या लोकांना वाटतं वेडा आहे.

डॉक्टरांनी त्याला औषध दिलं, ते श्रेय त्यांचंच. पण तो फोन माझा होता.

जुना_कंपाउंडर

वहीचं काम हेच बघा. आमचं पण असंच होतं.

उगीच_एक

‘हप्ता थकलाय’. 😄 ताई, सोसायटीत नोकरी करा.

खानापूर_पॅसेंजर

मघाशी जरा तिखट लिहिलं होतं. तुमच्यासारखं कुणी त्या काउंटरवर असतं तर आईची फेरी वाचली असती. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई कुठल्या वारी येतात, व्यनि (खाजगी निरोप) करा.

काउंटरवरून

व्यनि केलाय. बरोबर मागचे रिपोर्ट आणा, आणि आधीच्या दवाखान्यात ॲडमिट होता तर तिथले कागद मागून घ्या. मागितल्यापासून 72 तासांत द्यावे लागतात, तो तुमचा हक्क आहे. कुणी टाळलं तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

भाचीचं विचारताहेत काहीजण. तिला कोर्सची फी भरायच्या आधी सुट्टीत आमच्या काउंटरवर बसवणार आहे. नेमणुकीचं पत्र देऊन, पगार बँकेत, सौ_दवाखाना यांच्या आज्ञेप्रमाणे. पावसाळ्यात, म्हणजे डेंगीची गर्दी आणि हेस्कॉमची वीज दोन्ही बघायला मिळेल. लस ठेवायचा फ्रिज 2 ते 8 अंशांत राहिला पाहिजे, आणि वीज गेली की पहिल्यांदा तिकडं धावायचं, डॉक्टरांच्या एसीकडं नव्हे. एवढं तिनं न सांगता केलं तर कोर्सला मीच पैसे घालीन.

नवीन_क्लिनिक_हुक्केरी

उशिरा आलो, छान धागा. हुक्केरीत नुकतं क्लिनिक टाकलंय, व्यवस्था बायको बघते. कचऱ्याचं कुणी लिहिलं नाही. शुगर तपासल्यावरची सुई कुठं टाकायची आणि मुदत संपलेली औषधं कुठं? मेडिकलवाला म्हणतो निळ्या डब्यात टाका.

हिशेबनीस_शहापूर

मेडिकलवाल्याचं ऐकू नका. 2016 च्या नियमांप्रमाणे सुई, लॅन्सेट, ब्लेड हे पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. निळ्यात काचेच्या बाटल्या आणि अँप्युल. सलाईनच्या नळ्या, सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे लाल पिशवीत. रक्ताचा कापूस, बँडेज आणि मुदत संपलेली औषधं पिवळ्यात. 48 तासांच्या वर साठवू नका. वर्षाचा अहवाल 30 जूनच्या आत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं.

काउंटरवरून

आणि पिशवीवरचे बारकोड संपत आले की आठवडाभर आधी मागवा. गाडीवाला बारकोड नसलेली पिशवी उचलत नाही. वहिनींचा नंबर मला व्यनि करा, आमच्या रजिस्टराचे फोटो पाठवते.